नजरेआडचा डबा

इंग्लंडातल्या एखाद्या मध्यमवर्गीय वस्तीतून चालत गेलं, तर घरांच्या पुढच्या अंगणात कुंपणाला चिकटून एक लाकडी पेटी दिसते. उंची कमरेच्या थोडी वर, पुढे पट्ट्यापट्ट्यांची दारं, वर मागे उतरतं झाकण. कधी त्या झाकणावर माती टाकून झुडपंही लावलेली असतात. अनोळखी माणसाला वाटावं, सायकली किंवा बागेतली अवजारं ठेवायची सोय असेल. आत असतात चाकांचे दोन-तीन प्लास्टिकचे डबे. एक उरल्यासुरल्या कचऱ्याचा, एक कागद-काच-पत्र्याचा, एखादा पालापाचोळ्याचा. पेटीचं काम एकच, हे डबे दिसू न देणं. ती बाजारात तयार मिळते, पण हौशी माणसं घरीच ठोकतात. चार खांब, थोड्या फळ्या, चार-सहा बिजागऱ्या आणि एक मोकळा रविवार एवढ्यात ती उभी राहते.

वस्तू साधी आणि वयाने लहान. पण तिच्यामागची इच्छा जुनी आहे. डबा लपवावासा वाटायला आधी तीन गोष्टी व्हाव्या लागतात. मुळात डबा असावा लागतो, तो चारचौघांच्या नजरेला पडेल अशा जागी यावा लागतो आणि त्याची लाज वाटावी लागते. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गावांत घडल्या. आणि दर वेळी डबा एकाच्या नजरेआड गेला, तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर आला. या पेटीचा मागोवा घ्यायचा तर त्या दुसऱ्या माणसालाही सोबत घेऊनच घ्यावा लागतो.

उकिरडा आणि केरसुणी

डब्याआधी उकिरडा होता, आणि उकिरडा कुणी लपवत नसे. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, घरातला केर, भाजीची देठं, उष्टं-खरकटं हे सगळं घराच्या बाजूला खड्ड्यात पडायचं, वर्षभर कुजायचं आणि पावसाळ्याच्या आधी गाड्या भरून शेतात जायचं. ज्याचा उकिरडा मोठा, त्याच्या दावणीला जनावरं जास्त. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव पालटतं असं आपण म्हणतो खरं, पण शेतकऱ्याच्या उकिरड्याला एवढं थांबावं लागत नव्हतं. त्याची किंमत दर वैशाखात ठरायची. जे पुढच्या पिकाच्या कामाचं आहे ते झाकायचं कशाला?

घरात लपवली जायची ती केरसुणी. तीही घाण म्हणून नाही, लक्ष्मी म्हणून. तिला पाय लागू नये, आल्यागेल्याची नजर पडू नये, म्हणून ती दाराआड ठेवायची. लक्ष्मीपूजनाला तिच्यावर हळदकुंकू वाहायचं. दिवेलागणीनंतर झाडलंच, तर केर उंबऱ्याबाहेर टाकायचा नाही, कोपऱ्यात सारून सकाळपर्यंत ठेवायचा. केराशी असलेलं हे नातं अदबीचं होतं.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. मेलेलं जनावर ओढून नेणं, चावडी झाडणं ही कामं गावगाड्याने ज्यांच्या माथी मारली, त्यांची घरं वेशीबाहेर होती. घाण झाकायला गावाला पेटी लागली नाही, कारण ती उचलणारा माणूसच नजरेआड ठेवला होता.

राखेचं शहर

शहरात उकिरड्याजवळ शेत नसतं. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनने तरी या अडचणीतून पैसा काढला. तिथे घराघरांत दगडी कोळसा जळत होता, त्यामुळे घरच्या कचऱ्यात सगळ्यात मोठा वाटा राखेचा आणि अर्धवट जळलेल्या कोळशाचा. ही राख घराच्या मागच्या बाजूला किंवा तळघरालगत विटांच्या कोठीत साठवत. ठेकेदाराची माणसं यायची, फावड्याने टोपल्या भरायची आणि खांद्यावरून रस्त्यावरच्या गाडीत नेऊन ओतायची. ज्या घराला मागून वाट नव्हती, तिथे टोपली घरातूनच जायची. मग राखेच्या वखारीत बायका मोठमोठ्या चाळण्यांनी तो ढीग चाळत. बारीक राख विटा करणाऱ्यांना, कोळशाचे तुकडे भट्ट्यांना, हाडं आणि चिंध्या आणखी कुणाला. या धंद्यात ठेकेदार इतके गबर झाले, की चार्ल्स डिकन्सने १८६४-६५ मध्ये क्रमशः लिहिलेल्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत राखेच्या ढिगांची मालमत्ता वारशाने कुणाकडे जाते, यावरच कथानक उभं केलं.

म्हणजे लंडनचा कचरा तोवर मागच्या अंगणात असला, तरी तो लाजेने दडवलेला नव्हता. ती कोठाराची जागा होती. हे पालटलं ते रोगाच्या भीतीने. पटकीच्या साथींनी हजारो माणसं मेली, १८४८ मध्ये ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्याचा पहिला कायदा झाला आणि १८७५च्या कायद्याने कचरा उचलण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे दिली. विटांची पक्की कोठी जाऊन हलवता येणारं भांडं आलं. राख गरम असे, म्हणून भांडं धातूचं. पुढे जस्ताचा मुलामा दिलेला, झाकणाचा, दोन कानांचा पत्र्याचा डबा इंग्लंडच्या प्रत्येक घरामागे दिसू लागला. याच सुमाराला बांधलेल्या कामगार वस्त्यांत घरांच्या दोन रांगांच्या पाठीमागे अरुंद बोळ ठेवले गेले. पुढचा रस्ता पाहुण्यांचा, मागचा बोळ कोळशाच्या आणि कचऱ्याच्या गाडीचा. डबा लपवायची पहिली मोठी सोय लाकडाची नव्हती. ती नगररचनेची होती.

पॅरिसच्या दारात डबा

डबा घराच्या पुढे आणून ठेवण्याचं श्रेय, किंवा दूषण, पॅरिसला जातं. २४ नोव्हेंबर १८८३ रोजी सेन प्रांताचे प्रशासक युजीन प्युबेल यांनी हुकूम काढला, की प्रत्येक इमारतीच्या मालकाने भाडेकरूंना झाकणाचे डबे पुरवले पाहिजेत. डबे किती मोठे हेही ठरवून दिलं, चाळीस ते एकशेवीस लिटर. १५ जानेवारी १८८४ पासून अंमल सुरू झाला. प्युबेल यांना तीन वेगळे डबे हवे होते. एक कुजणाऱ्या कचऱ्याचा, एक कागद आणि चिंध्यांचा, एक काच, फुटकी भांडी आणि कालवांच्या शिंपल्यांचा. ओला-सुका वेगळा करा म्हणून आज आपल्याला जे सांगितलं जातं, ते पॅरिसच्या घरमालकांनी एकशेचाळीस वर्षांपूर्वी ऐकलं आणि बव्हंशी कानाआड केलं. तीन डब्यांची कल्पना तेव्हा रुजली नाही, एक डबा मात्र रुजला.

विरोध दोन बाजूंनी झाला. घरमालकांना खर्च नको होता. पण खरी पोटावर आली ती चिंध्या वेचणाऱ्यांच्या. रात्री घराबाहेर पडलेल्या ढिगातून कागद, हाडं, कापड, धातू निवडून विकणारी हजारो माणसं पॅरिसमध्ये होती. त्यांचा माल आता झाकणाखाली गेला आणि झाकण उघडायला सकाळची थोडी वेळ उरली. त्यांची बाजू घेऊन वर्तमानपत्रांनी प्युबेल यांची यथेच्छ टिंगल केली आणि डब्यालाच त्यांचं आडनाव चिकटवलं. फ्रेंच घरात ते अजून रोज उच्चारलं जातं.

पॅरिसने आणखी एक गोष्ट शोधली. डबा दिवसभर आतल्या चौकात राहायचा आणि गाडी यायच्या आधी थोडा वेळ रस्त्यावर यायचा. गाडी गेली की परत आत. डबा लपवायला पडदा लागलाच पाहिजे असं नाही, वेळापत्रकही पुरतं. आजही जगभरच्या नगरपालिका हाच नियम वेगवेगळ्या भाषांत लिहितात, आणि तो पाळायचं काम तेव्हा इमारतीच्या दरवानाकडे होतं तसं आजही बहुधा पगारी माणसाकडेच असतं.

मुंबईची हाऊस गल्ली

आपल्याकडे मुंबईत पाठीमागच्या बोळाला नाव पडलं ‘हाऊस गल्ली’. चाळींच्या दोन रांगांच्या पाठी एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या, मधे माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट. तिथून सांडपाण्याची गटारं जायची. मैला वाहून नेणाऱ्या कामगारांनी तिथूनच यायचं, तिथूनच जायचं. आणि वरच्या खिडक्यांतून जे नकोसं झालं ते तिथेच पडायचं. पुढच्या बाजूला दुकानं, देव्हारे, सार्वजनिक गणपती. मागच्या बाजूला सगळ्या चाळीने पाठ फिरवलेली ही फट.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला, तेव्हा सगळ्यांचं लक्ष पहिल्यांदा त्या फटीकडे गेलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. रुंद रस्ते, हवेशीर वस्त्या हे तिचं काम. पण हाऊस गल्ल्या संपल्या नाहीत. जुन्या मुंबईत त्या अजून आहेत आणि पावसाळ्यापूर्वी त्या साफ करायला महापालिकेला अजून माणसं उतरवावी लागतात.

शहराने मग आख्खा कचराच लपवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुर्ल्याहून चेंबूरकडे रुळ टाकले गेले ते कचऱ्याच्या गाड्यांसाठी. प्रवासी त्या मार्गाने जाऊ लागले १९२४ पासून. १९२७ पासून देवनारला कचरा पडू लागला. तेव्हा ते शहराबाहेर होतं. मग शहर वाढत वाढत तिथवर पोचलं, आणि ज्यांना दुसरीकडे जागा मिळाली नाही ती माणसं गोवंडीला, बैंगनवाडीला त्या डोंगराच्या पायथ्याशी राहिली. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डोंगराला आग लागली, धूर दिवसेंदिवस हटेना, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. नव्वद वर्षं नजरेआड ठेवलेला कचरा उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला.

ओट्याखाली

दरम्यान युरोप-अमेरिकेत स्वयंपाकघर बदलत होतं. नोकर परवडेनासे झाले, घरची बाई एकटी ओट्याशी उभी राहिली आणि तिची पावलं मोजणारी नवी विद्या निघाली. अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ या अभियंता-मानसशास्त्रज्ञ बाईंनी कामाच्या हालचालींचा अभ्यास केला. पायाने दाबून झाकण उघडायच्या डब्याचं श्रेय त्यांना देतात. १९२६ मध्ये व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांनी फ्रँकफर्टच्या कामगार घरांसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. त्यात कामाच्या फळीलाच एक खाच होती, तिच्याखाली कचऱ्याचा खण. भाजी चिरली की सालं हाताने सारायची, ती खाली खणात. खण भरला की ओढून काढायचा. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आज आपल्या मॉड्युलर किचनमध्ये सिंकखालच्या ट्रॉलीत जो डबा बसवून देतात, तो या खणाचा वंशज.

अमेरिकेत रसिन गावच्या जॉन हॅम्स यांनी १९२७ मध्ये सिंकच्या मोरीतच खरकटं भरडणारं यंत्र केलं. डबाच नको, सगळं गटारात. डेन्मार्कमध्ये होल्गर निल्सन यांनी १९३९ मध्ये बायकोच्या केशकर्तनालयासाठी पायपट्टीचा पोलादी डबा घडवला. त्यांच्या मुलीने पुढे तो जगभर विकला आणि तो संग्रहालयांत जाऊन बसला. म्हणजे डबा लपवण्याला दुसराही पर्याय होता, तो इतका देखणा करायचा की लपवायची गरजच पडू नये. पण तो पर्याय महाग, आणि राहिला तो मोजक्या घरांपुरता.

ओट्याखालचा खण फ्रँकफर्टच्या थंडीत शोभला. आपल्या हवेत जून महिन्यात आंब्याच्या साली बंद कपाटात एक रात्र राहिल्या, की सकाळी दार उघडताच चिलटांचा थवा बाहेर येतो. ट्रॉली बसवणारे हे सांगत नाहीत. आपल्या आज्या केराची टोपली मोरीपाशी उघडी ठेवत आणि रोज रिकामी करत, त्यात शिस्त होती तशी हवामानाची समजही होती.

मेम्फिसची परसदारं

अमेरिकेच्या दक्षिणेत, टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात, डबा परसदारी असायचा. पुढच्या हिरवळीवर डबा दिसणं अशिष्ट. कचरा उचलणाऱ्याने घराला वळसा घालून मागे जायचं, तिथला कचरा स्वतःच्या टबात ओतायचा, टब डोक्यावर किंवा खांद्यावर घ्यायचा आणि रस्त्यावरच्या गाडीत रिकामा करायचा. टब फुटके असत. कुजका रस डोक्यावरून कपड्यांत गळायचा. हे काम करणारे जवळजवळ सगळे काळे होते. पगार इतका कमी, की पूर्णवेळ कामावर असूनही अनेकांना सरकारी मदत घ्यावी लागे.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार कचरागाडीच्या मागच्या पोटात शिरले. कचरा दाबायचं यंत्र बिघाडाने सुरू झालं आणि ते दोघे त्यात चिरडले गेले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे कामगारांनी संप पुकारला. ‘मी माणूस आहे’ एवढंच लिहिलेले फलक गळ्यात अडकवून ते रोज रस्त्याने चालत गेले. त्यांना पाठिंबा द्यायला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला शहराने संघटनेला मान्यता दिली आणि पगारवाढ कबूल केली.

किंग यांच्या हत्येची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिच्या मुळाशी असलेला परसदारचा डबा सहसा सांगितला जात नाही. घराचं दर्शनी अंग नीटस राहावं म्हणून डबा पाठीमागे गेला, आणि त्या नीटसपणाची किंमत टबाखालच्या डोक्याने मोजली.

चाकं आणि पिशव्या

डब्याला परसातून रस्त्यावर आणलं ते चाकांनी. १९६८ मध्येच इंग्लंडात स्लाव गावच्या फ्रँक रॉदरहॅम मोल्डिंग्ज या कारखान्यात प्लास्टिकचा, मागे दोन चाकं असलेला डबा तयार झाला. त्याआधी बारा वर्षं, १९५६ मध्ये, धुरक्याने त्रासलेल्या ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला होता. कोळशाच्या चुली विझत गेल्या, गरम राख बंद झाली. राख गेली म्हणून डबा पत्र्याचा असण्याचं कारण गेलं. राखेच्या जागी हलकी, फुगीर वेष्टणं आली, म्हणून डबा मोठा लागू लागला. चाकांच्या डब्याला गाडीच्या मागचा यांत्रिक हात उचलतो, उलटा करतो, खाली ठेवतो. कामगाराची पाठ वाचली. १९८० नंतरच्या दशकांत हे डबे ब्रिटनभर पसरले.

पण चाकांचा डबा रस्त्याच्या कडेला माणसाने आणून ठेवावा लागतो, आणि मागचे बोळ एक तर अरुंद किंवा फाटक लावून बंद केलेले. मग डबा पुढच्या अंगणातच राहू लागला. त्यात २००३ मध्ये इंग्लंडात कायदा आला, की पुनर्वापराचे किमान दोन पदार्थ घराघरांतून वेगळे उचलायचे. एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. गुलाबाच्या वाफ्यापुढे काळा, निळा, तपकिरी अशी रांग लागली. प्युबेल यांचे तीन डबे शेवटी आले, आणि आले ते थेट दिवाणखान्याच्या खिडकीखाली. लाकडी पेटीचा जन्म इथला.

अमेरिकेच्या उपनगरांत पेटीला कराराचा धाक मिळाला. घरमालकांच्या संघाच्या नियमावलीत डबा रस्त्यावरून दिसता कामा नये असं कलम अनेक ठिकाणी असतं आणि मोडल्यास दंड. टेक्सास-न्यू जर्सीच्या वस्त्यांत घर घेतलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी पहिली करवत विकत घेतली असेल ती या कलमापायी.

न्यूयॉर्क उलट्या रस्त्याने गेलं. कॅनडातल्या विनिपेगच्या हॅरी वॅसिलिक यांनी १९५० च्या सुमाराला पॉलिथिनची कचरापिशवी केली, ती आधी इस्पितळाला विकली गेली. फेब्रुवारी १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या सफाई कामगारांचा नऊ दिवस संप झाला, रस्त्यांवर डोंगर साचले आणि त्यानंतर शहराने पिशव्या उघड्या फुटपाथवर ठेवायला मुभा दिली. अर्धं शतक जगातल्या एका श्रीमंत शहराच्या फुटपाथवर रोज काळ्या पिशव्यांचे ढीग आणि त्यांच्याभोवती उंदीर. १२ नोव्हेंबर २०२४ पासून छोट्या इमारतींना झाकणाचे डबे सक्तीचे झाले. पॅरिसनंतर एकशेचाळीस वर्षांनी.

पेटी कशी ठोकतात

इतका इतिहास पोटात घेतलेली पेटी बांधायला मात्र फार अक्कल लागत नाही. लागतं ते मोजमाप. दोनशेचाळीस लिटरचा चाकांचा डबा साधारण एकशेसात सेंटिमीटर उंच, अठ्ठावन्न रुंद आणि चौऱ्याहत्तर खोल असतो. दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी, पाचेक सेंटिमीटर मोकळीक सोडायची. झाकण मागच्या बाजूला उतरतं ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी दारावर येत नाही. पेटीच्या झाकणाला आणि डब्याच्या झाकणाला बारीक साखळी जोडली, की एक उघडलं की दुसरंही उघडतं. पट्ट्यांमध्ये बोटभर फट हवीच. वारा खेळला नाही तर पेटी म्हणजे वासाची भट्टी. तळ घालायचा नाही. डबा सरळ फरशीवर राहिला की ओढून काढता येतो आणि खालची जमीन धुता येते.

लाकूड बहुतेक जण जुन्या पॅलेटचं वापरतात, मालवाहतुकीच्या त्या चौकटी सगळीकडे पडलेल्या असतात. त्यावरचा शिक्का वाचून घ्यावा. ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, घरगुती कामाला ठीक. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, त्याला हात लावू नये. पुण्या-नाशिकच्या रो-हाऊसला किंवा कोकणातल्या बंगल्याला पेटी करायची तर लाकडाचे पाय जमिनीला टेकवू नयेत, वाळवी वाट पाहत असते. लोखंडी कोनाचे पाय, वर सिमेंट-फायबरच्या पट्ट्या किंवा बांबूची ताटी हे टिकतं. घुशींसाठी खालच्या वीतभर भागाला जाळी. रंग गडद नको, मे महिन्यात आतली उष्णता वाढते.

दार कुणाकडे

मोजमापात एक माप कुठल्याच आराखड्यात नसतं, ते म्हणजे डबा काढणाऱ्या माणसाचं. आपल्याकडे घरोघरचा कचरा यंत्राचा हात उचलत नाही, माणसाचा हात उचलतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि त्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. हे काम करणाऱ्या बहुतेक बाया दलित समाजातल्या. उकिरडा गेला, वेस गेली असं आपण समजतो, पण कचऱ्यामागची माणसं फारशी बदललेली नाहीत. बदललं ते एवढंच, की त्या आता ओळखपत्र लावून, गणवेशात, आपला दर मागून दारात उभ्या राहतात.

त्यांच्या दृष्टीने लपवलेला डबा दोन प्रकारांनी छळतो. पहिला, पोचायचा त्रास. सोसायटीच्या जिन्याखालची बुटकी खोली, दिवा नाही, नळ नाही, आत वाकून शिरायचं, तिथेच बसून निवडायचं. दुसरा त्याहून वाईट, न दिसणारा कचरा. झाकलेल्या डब्यात माणूस काहीही टाकतो, कारण कुणी पाहत नाही असं त्याला वाटतं. फुटकी काच, दाढीचं पातं, इंजेक्शनची सुई, वापरलेले नॅपकिन. २००० आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण घरातच करायला सांगितलं. सॅनिटरी कचरा वेगळा गुंडाळून द्यावा, हेही २०१६ च्या नियमांत होतं. पुण्यातल्या या बायांनी आणखी एक साधी मागणी केली, की त्या पुडक्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ते उघडणार नाही. गुंडाळायला त्यांची हरकत नव्हती. आत काय आहे ते कळू दे, एवढंच म्हणणं.

डबा लपवण्याच्या सगळ्या इतिहासाचा कस या लाल ठिपक्यावर लागतो. लंडनचा बोळ, मुंबईची हाऊस गल्ली, मेम्फिसचं परस, सोसायटीची जिन्याखालची खोली ही सगळी मालकाच्या बाजूने आखलेली होती. चाकांच्या डब्याने मात्र मालकाची सोय पाहिली तशी कामगाराची पाठही वाचवली, म्हणून तो टिकला. पेटीही दोन्ही बाजूंनी विचार केलेली असेल तर चांगली, नसेल तर ती लाकडाची हाऊस गल्ली.

तेव्हा पेटी जरूर करा. दिसायला नीटस हवी, यात वावगं काही नाही. फक्त दार रस्त्याच्या बाजूला ठेवा, कडी एका हाताने उघडेल अशी लावा, ओला आणि सुका यांच्यात फळी घाला आणि जवळ हात धुवायला एक नळ द्या. पेटी पूर्ण झाली की स्वतः कौतुक करण्याआधी रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना एकदा उघडून पाहायला सांगा. त्यांनी नाक मुरडलं, तर आराखडा चुकला आहे, पुन्हा ठोका.